अळवंतिणीची मोहरी

तोंड धुऊन, केस घट्ट मागं बांधून मी आरशापुढं बसले होते, आणि मुकुल काही ब्रश उचलत नव्हता.

सफेदा कालवून ठेवलेला होता. काजळीची वाटी भरलेली होती. कनातीपलीकडं दुसऱ्या कुठल्या तरी बँडचा माणूस माईकवर 'चेक, चेक' करून थकत नव्हता. दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि आमची वेळ साडेपाचची होती.

"मुकुल, वाळेल ते."

"हो गं."

"मग लाव की."

तो ब्रशचे केस बोटानं विंचरत राहिला.

आमचा एक नियम होता, पहिल्या प्रयोगापासूनचा. आपलं भूत आपण रंगवायचं नाही. मी इंद्रजितला रंगवायची, इंद्रजित फिरोजला, फिरोज मुकुलला आणि मुकुल मला. सात वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. कोल्हापूरला मुकुल तापानं फणफणला होता, तरी त्यानं कापऱ्या हातानं माझ्या डोळ्यांखाली काजळी ओढली होती. त्या दिवशी मी सगळ्यात भयाण दिसले होते.

"जरा बोलायचं होतं, वृषे," तो म्हणाला.

"लावता लावता बोल."

तेवढ्यात कनात बाजूला झाली आणि माझं लुगडं आत आलं.

लुगड्याच्या आत कोणीतरी होतं. पंचविशीतला, उंच, दाढी नुकतीच काढलेला एक पोरगा. माझं हिरवं, जागोजाग फाडलेलं नऊवारी त्यानं पिना लावून कसंबसं गुंडाळलं होतं. हातात माझा बास नव्हता एवढंच. बाकी बास वाजवणाऱ्याची सगळी लक्षणं होती. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. मला बघून तो जागच्या जागी थिजला.

"नमस्कार ताई," तो म्हणाला. "मी ओजस."

मी आरशातून मुकुलकडं बघितलं. मुकुलनं ब्रश खाली ठेवला.

मसणवटा मंडळी हे आमच्या बँडचं नाव. आम्ही वाजवायचो ते सायकोबिली. अमेरिकेतल्या खेड्यातल्या जुन्या नाचाच्या गाण्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं की जे होईल ते. गिटार किणकिणत पुढं पळते, ड्रम तिच्या मागं लागतो, आणि मधे माणसाहून उंच असा उभा बास. त्याच्या तारा नुसत्या छेडायच्या नाहीत, ओढून लाकडावर आपटायच्या. कानफटात दिल्यासारखा आवाज निघतो. गाणी सगळी भुताखेतांची, आणि गाण्याबरोबर नाटक. परदेशातले बँड शवपेटीतून उठतात म्हणे. आमच्याकडं शवपेटी कुठली? आम्ही तिरडी बांधली.

म्हणजे मी बांधली. माझे वडील मिरजेत सुतारकाम करायचे, सांगलीतल्या हौशी नाटकांचं नेपथ्य त्यांच्याकडं असायचं. बासही त्यांच्यामुळंच आला. एका प्रार्थनामंदिराची बाकं दुरुस्त करायला गेले तर माळ्यावर हा पडलेला, मान मोडून. तिथले पाळकसाहेब म्हणाले, घेऊन जा, जागा अडते. फिरोजचे अब्बा आमच्याच गल्लीत तंबोरे करायचे. त्यांनी बासच्या अंगावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "बेटी, हा तर तंबोऱ्याचा आजोबा दिसतोय." त्यांनीच ती मान बसवून दिली. मी तेव्हा कॉलेजात होते. फिरोज गिटार वाजवायचा, इंद्रजित माळी म्हणून एक मुलगा तासगावकडनं येऊन-जाऊन करायचा, तो ड्रम बडवायचा. आणि विश्रामबागेतला मुकुल देवस्थळी नाटकात आरडाओरडा करायचा. झाली मंडळी.

पहिल्या प्रयोगाला मुकुलला तिरडीवर घालून आम्ही तिघांनी रंगमंचावर आणला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. मग मुकुल उठून गायला लागला. आजींनी चप्पल फेकून मारली, ती त्याच्या कपाळाला लागली. पुढच्या प्रयोगाला माणसं मावेनात. तिरडीवरनं उठल्यावर मुकुल रोज एकच वाक्य म्हणायचा: "ज्याला भिता, त्याचं सोंग घ्या!" आणि लोक ओरडायचे.

मुकुल वेताळ. फिरोज म्हणाला, खवीस आमच्यातला, तो मीच. इंद्रजितनं मुंजा घेतला, सोडमुंजीआधी मेलेल्या पोराचं भूत. मी हडळ व्हायचं ठरत होतं. तेव्हा इंद्रजितच म्हणाला, हडळ नको, अळवंतीण कर.

पोटुशी किंवा बाळंतीण असताना मेलेली बाई म्हणजे अळवंतीण. ती घराकडं येते, कारण तिचं मन घरात असतं. तिला अडवायचं तर मसणातनं परतताना वाटेवर मोहरी टाकत यायचं. मोहरी दिसली की ती वेचल्याशिवाय तिला पाऊल पुढं टाकता येत नाही. वेचता वेचता उजाडतं आणि ती परत फिरते. हे सगळं इंद्रजितनंच सांगितलं. कधी नव्हे ते एवढं बोलला.

"कसली भारी आयडिया आहे, लगा!" फिरोज म्हणाला होता.

त्याचं गाणं झालं, 'वेचता वेचता'. मुकुल ओंजळ ओंजळ मोहरी टाकायचा, मी एक हात बासवर आपटत दुसऱ्या हातानं वाकून वेचायची. नाचायची, शिव्या द्यायची, परत वेचायची. शेवटी रिकामे तळवे वर करून ओरडायची, "संपली!" आणि वेताळाच्या नरड्याला भिडायची. शेवटही इंद्रजितनंच सुचवला होता. ती सगळी वेचते आणि येते, म्हणाला. वर्षभरात लोक घरनं मोहरीच्या पुड्या घेऊन यायला लागले. त्या गाण्याला अख्ख्या सभागृहातनं मोहरी उडायची. आमची ओळखच ती झाली.

मी अशी सात वर्षं अळवंतीण होते, आणि सातव्या वर्षी मला सातवा महिना होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वृषे, तू आधी शांत हो," मुकुल म्हणाला.

"मी शांतच बसलेय. अर्धा तास झाला, शांत बसलेय. माझं लुगडं याच्या अंगावर काय करतंय?"

"चाळीस मिनिटं उभं राहायचं असतं. स्टेज हलतं. परवा इथंच एका बँडचा माणूस घसरला..."

मी पर्समधनं कागद काढला आणि त्याच्यापुढं धरला. "डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय. वाच. मोठ्यानं वाच. उभं राहिलेलं चालेल, मधे पाणी प्यावं, उड्या मारू नयेत. बासवर चढणं मी पाचव्यातच बंद केलंय. आणि काय?"

"आयोजक म्हणतात..."

"कोण आयोजक? त्या बाई सकाळी माझ्या पोटाला हात लावून 'किती गोड' म्हणून गेल्या."

फिरोज कोपऱ्यात गिटारच्या तारा पुसत होता. एकच तार पुन्हा पुन्हा पुसत होता. तो म्हणाला, "वहिनी, ऐका जरा."

वहिनी! माझं आणि इंद्रजितचं लग्न झालं त्या दिवशी यानं एकदा गमतीत वहिनी म्हटलं होतं, आणि परत म्हणालास तर तुझी गिटार चुलीत घालीन असं मी सांगितलं होतं. तीन वर्षं मी वृषेच होते. आज वहिनी झाले.

"वहिनी कुणाला म्हणतोस रे?"

त्यानं परत तीच तार पुसायला घेतली.

"खरं सांगू?" मुकुल म्हणाला. "मी मानत नाही असलं काही. तुला माहितीय. पण सात महिन्यांची बाई, शेजारी तिरडी, आणि तीच अळवंतीण. उद्या काही कमीजास्त झालं तर... लोक आपल्याला काय म्हणतील? मी मानत नाही, पण..."

"पण काय?"

"पण उगीच कशाला."

त्या 'उगीच कशाला'नं माझ्या डोक्यात जाळ झाला. "तू सात वर्षं रोज तिरडीवर झोपतोस. मेलास का? फिरोजची लेक ऐन अमावास्येला झाली, त्या दिवशी आपण कराडला प्रयोग केला, तेव्हा कुणाला काही सुचलं नाही. भिता त्याचं सोंग घ्या म्हणून घसा फोडतोस ना? मग घे की! की सोंग घ्यायला फक्त मी, आणि भ्यायला तुम्ही?"

"आवाज कमी कर, बाहेर ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

पोटात बाळ वळलं. मी नकळत हात ठेवला. मला एवढंच कळत होतं की हा प्रयोग मला हवा होता. सात वर्षं आम्ही गणेशोत्सवाच्या मांडवांत, कॉलेजच्या गॅदरिंगांत, मंगल कार्यालयांच्या पटांगणांत वाजवत आलो होतो. पुण्याबाहेरच्या या माळावर पहिल्यांदा देशभरचे बँड आले होते, आमचं चित्रण होणार होतं. दोन महिन्यांनी बाळ येणार होतं. मग वर्ष, दोन वर्षं, कदाचित कायमचं. बासचा खांदा पोटाला टेकला की खालच्या तारेच्या आवाजाला बाळ आतनं ढुशी द्यायचं. हे फक्त मला आणि बाळाला माहीत होतं. मला त्याला एकदा, तो माझ्यात असताना, असा मोठ्या मैदानावर बास ऐकवायचा होता. तो म्हणजे ती, पण तेव्हा ते कुठं माहीत होतं.

"ताई," ओजस म्हणाला, "मला खरंच वाटलं तुम्हाला माहितीय. मी दीड महिना प्रॅक्टिस करतोय. मला इंद्रजित सरांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले की तुम्हीच..."

तो मधेच थांबला, पण जे निसटायचं ते निसटलं होतं.

मुकुलनं डोळे मिटले. "मी केला होता फोन," तो म्हणाला. "माझी आयडिया होती."

"नाही," तंबूच्या दुसऱ्या टोकाकडनं इंद्रजित म्हणाला. "मी केला."

तो पेटाऱ्यावर बसला होता. तोंडाला पांढरा सफेदा, डोळ्यांभोवती राखाडी वर्तुळं, डोक्यावर घेरा आणि शेंडीचा टोप, कमरेला आखूड पंचा. मुंजा. अर्ध्या तासापूर्वी मीच रंगवला होता. हनुवटी धरून, चेहरा उजेडाकडं वळवून. तो डोळे मिटून बसला होता आणि मला वाटलं होतं, दमलाय.

मी उठले. उठायला वेळ लागला. कुणी हात दिला नाही ते बरं झालं.

"कधी केलास फोन?"

"सहावा लागला तेव्हा."

"म्हणजे दीड महिना तू माझ्याशेजारी झोपतोयस. सकाळी माझ्या पायाला तेल लावतोयस. काल मी नवीन गाण्याचा ताल तुला मांडीवर वाजवून दाखवला, आणि तू 'छान' म्हणालास. आणि मघाशी तोंड रंगवून घेतलंस माझ्याकडनं!"

"हो."

"हो काय? हो काय, इंद्या? नुसतं हो म्हणून सुटायचं?"

बोलायचा नाहीच तो. त्याचं सगळं बोलणं ड्रमवर. भांडण झालं की मी एकटी भांडायची आणि एकटी थकायची. पण त्या दिवशी मी थकणार नव्हते.

"काय वाटलं तुला? मी पडीन? बाळाला लागेल? आणि तेही मला न विचारता ठरवलंस! ते तुझं एकट्याचं आहे का? की तूही आता वहिनीवाल्यांतला झालास? भूत लागेल मला? बोल!"

"मी टाकलीय मोहरी," तो म्हणाला.

"मोहरी मुकुल टाकतो."

"खरी."

बाहेरचा 'चेक, चेक' तेवढ्यात थांबला होता. त्यामुळं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आई काविळीनं गेली असं सांगत आलो ना, तिला कावीळ नव्हती," तो म्हणाला. "आठवा महिना होता. मी नऊ वर्षांचा. थोरला म्हणून अग्नी मी दिला. परत निघालो तर काकानं माझ्या हातात पिशवी दिली. म्हणाला, ओढ्यापासनं उंबऱ्यापर्यंत मूठमूठ टाकत यायचं आणि मागं बघायचं नाही. मी टाकली. पुरवून पुरवून टाकली. घरी आल्यावर काकाला विचारलं, आता आई येणार नाही? तो म्हणाला, नाही यायची, तू नीट टाकलीस."

तो माझ्याकडं बघत नव्हता, गुडघ्यांकडं बघत होता. सफेद्यावर डोळ्यातलं पाणी उठून दिसत नाही, नुसती रेघ पडते.

फिरोज म्हणाला, "अरे, लगा... आम्ही हसत होतो की रे."

"हसाच म्हणून दिलं होतं."

"का दिलंस?" मी विचारलं. माझा आवाज उतरला नव्हता.

"तू वेचायचीस," तो म्हणाला. "शेवटी सगळी वेचायचीस आणि यायचीस. दर प्रयोगाला. मला मागनं दिसायचं. तेवढ्यासाठी." मग म्हणाला, "आणि आता तू खरीच... मला बघवेना, वृषे."

अशा वेळी बायकोच्या पोटात कालवतं असं म्हणतात. माझ्या नाही कालवलं. म्हणजे पुढं कालवलं, घरी, कितीतरी दिवस. त्या क्षणी मला फक्त भयंकर राग आला होता. त्या काकाचा आला, पिशवीचा आला, नऊ वर्षांच्या पोराला 'नीट टाकलीस' म्हणून शाबासकी देणाऱ्या गावाचा आला. आणि सगळ्यात जास्त समोर बसलेल्या या माणसाचा आला. सात वर्षं त्यानं मला स्वतःच्या आईचं लुगडं नेसवलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

"तुझ्या काकानं तुला विचारलं नाही," मी म्हटलं. "आणि तू मला विचारलं नाहीस. दीड महिना तू माझ्या वाटेत मोहरी टाकतोयस, इंद्या. मूठमूठ. पुरवून पुरवून."

त्यानं मान वर केली.

ओजस कनातीशी उभा होता. तो लुगड्याच्या पिना काढायला लागला होता. "ताई, मी नाही वाजवणार," तो म्हणाला. "हे तुमचं आहे."

"राहू दे तुझ्याकडं. मला नकोय ते आज. आज सोंग नाही घ्यायचं." मी माझा कुर्ता खाली ओढला आणि मुकुलकडं वळले. "रंगवू नको. मी अशीच जाणार. आणि आज मोहरी टाकायची नाही."

"'वेचता वेचता' नको मग," मुकुल म्हणाला.

"वाजवायचं. मोहरी टाकायची नाही."

"बरं," तो म्हणाला. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मोहरी आता आमच्या हातात राहिलेली नव्हती.

साडेपाचला आम्ही वर गेलो. उन्हं तिरकी होती, माळावर माणूसच माणूस. तिघं भुतं, आणि मधे ढगळ कुर्त्यातली, कोऱ्या तोंडाची एक पोटुशी बाई. मी बास पोटाला टेकवला आणि खालची तार ओढून आपटली. आतनं ढुशी आली. मग मी मैदानाकडं बघितलंच नाही. तीन गाणी मी अशी वाजवली की बोटांच्या पट्ट्या फाटल्या. रागात ताल कधी चुकत नाही, निदान माझा.

चौथं 'वेचता वेचता'. फिरोजनं सुरुवातीचे सूर काढले, आणि माळावरनं आरोळी उठली. शेकडो हात वर गेले. मुकुल ओरडला, "नको! आज नको!" पण लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. मोहरी आली. पुड्याच्या पुड्या. उन्हात एकदम पिवळट-काळी सर आल्यासारखी. माझ्या केसांत, बासच्या पोटात, पायाखाली. बघता बघता माझ्याभोवतीच्या फळ्या दाण्यांनी भरल्या. पाऊल उचललं असतं तर घसरले असते. मी जागेवर खिळले आणि तार आपटत राहिले.

मागचा ड्रम थांबला.

मला वाटलं, गेला हा. पळाला. मग पंचा दिसला. इंद्रजित माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही तळव्यांनी मोहरी ओढत होता, पंच्याच्या सोग्यानं पुसत होता, माझ्या टाचेखालचा दाणा बोटानं टिपत होता. मैदान हसायला लागलं. "मुंज्या! ए मुंज्या! वेच, वेच!" अजून पुड्या आल्या. त्याच्या पाठीवर पडल्या. त्यानं वर बघितलं नाही. माझ्यापासनं रंगमंचाच्या कडेच्या पायऱ्यांपर्यंत त्यानं हातभर रुंद वाट काढली, परत मागं आला, पुन्हा पडलेली परत ओढली. ड्रम नव्हता, तेव्हा ताल एकट्या बासवर होता. मला तो सोडता येत नव्हता. फिरोजनं एकच सूर धरला आणि तो त्यावर राहिला, खवीसाच्या दातांआडनं रडत. मुकुल नाचत होता, बोट दाखवून हसवत होता.

तीन मिनिटांचं गाणं आम्ही कितीतरी वेळ वाजवलं. वाट मोकळी झाली तेव्हा इंद्रजित उठला. तळवे सोलवटले होते. ते त्यानं माझ्यासमोर वर केले, रिकामे. ओरडला नाही. नुसता उभा राहिला.

मी त्या वाटेनं खाली उतरले.

मागं टाळ्यांचा कडकडाट चालू होता. तंबूत येऊन मी बासवर पांढरी खोळ चढवत होते, तेवढ्यात मुकुल धावत आला. घामानं त्याचा वेताळ गळ्यापर्यंत ओघळला होता.

"काय झालं ते!" तो म्हणाला. "बघितलंस लोक कसे वेडे झाले? सात वर्षांत असलं काही केलं नाही आपण! हे ठेवायचं, वृषे. रोज. मुंजा खाली उतरतो, मोहरी साफ करतो, ती चालत जाते. बाळ झाल्यावर पोट लावू तुला, कापडाचं..."

मी खोळीची नाडी बांधत होते, ती बांधून घेतली. गाठ नीट बसली का बघितलं.

"मुकुल," मी म्हटलं, "तुझ्या कपाळाला त्या आजींनी चप्पल मारली ना, ती मी इतकी वर्षं चुकीची समजत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चालले. बास माझा आहे. तिरडी तुला ठेव."

तो हसला. त्याला वाटलं, रात्रीपर्यंत उतरेल राग. मग त्यानं इंद्रजितकडं बघितलं. "इंद्या, समजाव हिला."

इंद्रजित माझ्याकडं बघत होता. "मी येऊ का?" त्यानं मला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल.

"तुझं तू बघ," मी म्हणाले.

त्यानं बासचा खालचा भाग खांद्यावर घेतला. मी मान धरली. मसणवटा मंडळीचा तो शेवटचा प्रयोग ठरला. मुकुलनं नंतर दुसरी माणसं घेऊन काही दिवस चालवलं, पण लोक माझ्या कोऱ्या तोंडाबद्दल विचारायचे म्हणे. फिरोज आता तंबोरे करतो. आमच्या मुलीच्या बारशाला आला तेव्हा दारातनंच ओरडला, "वृषे!"

त्या दिवशी आम्ही गाडी मिळेल म्हणून माळावरनं हमरस्त्याकडं निघालो. अर्ध्या तासाची वाट होती. तो पुढं, मी मागं. मी एक अक्षर बोलत नव्हते. तो दर पन्नास पावलांवर थांबायचा, मी दम घेतला की निघायचा. टोप काढायचा त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. समोरनं येणारी माणसं बाजूला सरत होती. दोन बायकांनी डोक्यावर पदर घेतला. एकानं मोटारसायकल थांबवून हात जोडले. मला आधी कळेना. मग ध्यानात आलं, पांढऱ्या खोळीतलं ते लांबट ओझं, पुढं-मागं दोन माणसं, आणि पुढच्याचं तोंड राखेसारखं पांढरं.

हमरस्त्यावर चहाची टपरी होती. टपरीवाला म्हातारा होता. त्यानं स्टोव्हचा आवाज बारीक केला आणि हळूच विचारलं,

"कोण गेलं हो?"

मी खेकसणारच होते. कोणी नाही, बाबा, बास आहे हा, असं. माझ्या आधी इंद्रजित म्हणाला,

"आई."

"अरेरे. कधी?"

"चोवीस वर्षं झाली."

म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावरच्या शेंडीकडं बघितलं. खोळीकडं बघितलं. माझ्या पोटाकडं बघितलं. कपाळाला आठी घातली. मग बाकावरच्या बरण्या उचलून खाली ठेवल्या आणि फडक्यानं बाक पुसला.

"मग टेकवा ते," तो म्हणाला. "लांबनं आलाय. बसा जरा."

मी बसले. राग तसाच होता, पण पाय दुखत होते.